डिसेंबरवर ठेवलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. घरात नाही, माहेरी नाही, शाळेतल्या मैत्रिणींना तर नाहीच. आमच्या ह्यांना अर्धं माहीत होतं. उरलेलं त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही — की ओळखता? आमच्या गावात तसे सगळेच ओळखतात. नुसतं 'बाई' म्हटलं की तिसरी-चौथीची मीच. त्या ओळखीचाच मी उपयोग केला.

ही गोष्ट प्रभाग रचनेची आहे. नगरपरिषदेच्या निवडणुकीआधी गावाचे भाग पाडतात, कुठली गल्ली कुठल्या प्रभागात जाणार ते ठरवतात आणि नकाशावर एक रेघ मारतात. तुम्ही म्हणाल, यात इतकं जीवाला लावून घेण्यासारखं काय आहे? मीही स्वतःला हेच विचारत आले. रेघच ती. भिंत तर नव्हती. बरीच वर्षं माझं त्यावर भागलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, तालुक्याचं. मी मूळची युसूफ वडगावची, लग्न होऊन इथं आले आणि इथल्याच शाळेत लागले. शिक्षकांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढून गावाबाहेर घरं बांधली, तिला शिक्षक कॉलनी नाव पडलं. पुढं हद्दवाढ झाली आणि आम्ही शहरात आलो. शहरात म्हणजे कागदावर. नळ कोरडेच.

कॉलनीच्या मागं आमची शाळा, शाळेमागं नाला. नाल्याच्या अलीकडच्या काठाला पंचशील नगरची दहा-पंधरा घरं आणि पलीकडे उरलेलं सगळं पंचशील नगर. वस्ती एकच. थोरला भाऊ पलीकडे तर धाकटा अलीकडे. विहार पलीकडे, शाळा अलीकडे. मध्ये नाला आहे हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागायचं, कारण नाल्यात पाणी असं आम्ही पाहिलेलंच नव्हतं. एकामागून एक कोरडी सालं चालली होती. नाल्याच्या मधोमध पायवाट पडली होती, दुपारी त्यात शेळ्या बसायच्या, सांजच्याला पोरं गोट्या खेळायची.

आणि मी? मी रोज त्या नाल्यातून जात होते. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

त्या दुष्काळात कॉलनीतल्या एकूणएक बोअरनी माना टाकल्या. पाणी राहिलं एकाच बोअरला, पलीकडे विहाराशेजारी. आम्ही मास्तरांच्या बायका आणि मास्तरणी घागरी घेऊन नाला ओलांडायला लागलो. तिथं सुमन होती. वस्तीतल्या बचत गटाची अध्यक्ष, आवाज असा की रांगेतली भांडणं तिच्या खाकरण्यानं थांबायची. तिनं नियम केला — कॉलनीला सकाळी एक तास. आपल्या बायांना थांबवून आम्हाला पाणी दिलं तिनं. सबंध उन्हाळा दिलं. कॉलनीतल्या काही जणी ते पाणी फक्त वापरायला घ्यायच्या, पिण्याचं दुसरीकडून आणायच्या. मी मात्र पीत होते. आणि पिते याचा मला केवढा अभिमान होता! मी जात मानत नाही, हे मला त्या एका घागरीनं पटवून दिलं होतं. किती स्वस्तात पटलं, नाही?

मग प्रारूप प्रभाग रचना आली. नगरपरिषदेच्या फलकावर नकाशा लागला. त्यात रेघ नाल्यावरून गेली होती. अलीकडची दहा-पंधरा घरं कॉलनीबरोबर जुन्या गावाच्या प्रभागात, आणि पलीकडची सगळी वस्ती थेट मळ्याकडच्या दूरच्या प्रभागात. वस्तीचे दोन तुकडे. सुमननं दोन दिवसांत सह्या गोळा करून हरकत दाखल केली. वस्ती एक आहे, ती एकाच प्रभागात ठेवा, आणि शाळा, रेशन दुकान, रस्ता सगळं अलीकडे आहे म्हणून कॉलनीबरोबर ठेवा. इतकंच तिचं मागणं. नियमसुद्धा तिच्याच बाजूनं होता. अशी वस्ती शक्यतो फोडू नये असं लिहिलेलंच असतं.

पण तिचं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे कॉलनीत प्रत्येकाला ठाऊक होतं. जिथं अनुसूचित जातीची लोकसंख्या जास्त, तो प्रभाग राखीव होतो. अख्खं पंचशील नगर आमच्याबरोबर आलं असतं तर आमचा प्रभाग राखीव झाला असता, सुमन उभी राहिली असती आणि निवडूनही आली असती. तिच्यात ते होतं.

आमच्या संस्थेचे चेअरमन भाऊसाहेब एका सकाळी चहाला आले. साखर कारखान्यावरही त्यांचं वजन होतं, त्यांचा शब्द सहसा कुणी मोडत नसे. आमच्या ह्यांच्याशी पाऊस, बदल्या असं इकडचं तिकडचं बोलून झालं, मग माझ्याकडे वळले. जुन्या गावाच्या प्रभागात राहिलो तर नवी पाइपलाइन कॉलनीपर्यंत येते, त्या लोकांबरोबर गेलो तर आपण कायमचे मागं पडतो, असं त्यांचं म्हणणं. हरकतींच्या चौकशीचे साहेब जागा बघायला येणार आहेत, उन्हात त्यांना कुठं बसवायचं, तुमच्या शाळेतच बसतील. "बाई, तुमी खोटं बोला असं मी म्हणत न्हाई," ते म्हणाले. "विचारलं तर नाल्याचं सांगा, इतकंच."

नाल्याचं काय सांगायचं होतं? तो कोरडा होता. ते मी विचारलं नाही. मी कप उचलले आणि आत गेले.

थांबा — भाऊसाहेबांवर ढकलते आहे असं नको व्हायला. त्यांनी मला धमकी दिली नव्हती, लालूचही दाखवली नव्हती. पाइपलाइनचं कारण खरं होतं, पण माझं कारण ते नव्हतं. माझं कारण असं — उद्या दाखल्यावर सही घ्यायला मला सुमनच्या दारात उभं राहावं लागेल. कॉलनीतल्या सगळ्या मास्तरणी तिला 'मॅडम' म्हणतील. हा विचार माझ्या मनात आला आणि मला तो सोसला नाही. तिचं पाणी चाललं. तिची सही चालली नसती. खरं हेच आहे.

साहेब आले ते चैत्रातल्या एका दुपारी. शाळा सकाळची होती, मुलं नुकतीच घरी गेली होती. साहेबांना सगळं फिरून दाखवायचं काम नगरपरिषदेनं दिगंबरला लावलं होतं. हा सुमनचा धाकटा दीर, अलीकडच्या घरांत राहणारा. पाणी सोडायच्या कामावर रोजंदारीनं होता. अबोल, खाली मान घालून चालणारा माणूस. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती.

नाल्यावर दोन्हीकडची माणसं जमली, कल्ला झाला, कुणाचं कुणाला ऐकू येईना. साहेब वैतागले आणि माझ्या वर्गात येऊन बसले. माठातलं पाणी प्यायले. ते पाणी कुठलं होतं ते सांगू का? पलीकडचंच. मग त्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि मला म्हणाले की बाई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचा यात काही स्वार्थ नाही, तुम्हीच सांगा, हा नाला अडसर आहे की नाही?

मी 'आहे' म्हणाले.

एवढ्यावर थांबता आलं असतं. लोक मत म्हणून असं काहीही बोलतात. पण मी मास्तरीण पडले, मला पुरावा द्यायची सवय. मी म्हणाले, "पावसाळ्यात आठ-आठ दिवस येणं-जाणं बंद असतं. पलीकडची मुलं शाळेला येऊ शकत नाहीत. हवं तर हजेरी बघा."

आणि मी हजेरीपत्रक उघडून त्यांच्यासमोर धरलं.

पलीकडच्या मुलांच्या नावापुढं ओळीच्या ओळी गैरहजर होत्या. खऱ्याच होत्या, मी स्वतः लावलेल्या. पण ती मुलं पाण्यानं अडली नव्हती. ती आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली होती. आमच्याकडे दिवाळी झाली की वस्त्या रिकाम्या होतात, माणसं कोयते घेऊन दूरच्या कारखान्यांवर जातात, पोरंही पाठोपाठ. हे बीड जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही माहीत. साहेब बाहेरचे होते. ते पान डिसेंबरचं होतं. पानाच्या माथ्यावर माझ्याच वळणदार अक्षरात 'डिसेंबर' लिहिलेलं होतं, आणि हजेरी पुढं करताना मी त्या शब्दावर हात ठेवला होता. सहज पडला नव्हता हात. ठेवला होता.

साहेबांनी दोन-तीन ओळींवरून बोट फिरवलं, मान हलवली, वहीत काहीतरी टिपलं. मी हजेरी मिटली. वर पाहिलं तर दारात दिगंबर उभा होता. साहेबांची पिशवी न्यायला आला होता. किती वेळ उभा होता? त्यानं ऐकलं का? माझा हात कुठं आहे ते त्याला तिथून दिसलं का? मला कळलं नाही. त्यानं पिशवी उचलली आणि तो साहेबांच्या मागं गेला.

अंतिम रचना आली. रेघ नाल्यावरच राहिली. आदेशाची प्रत घेऊन सुमन माझ्याकडेच आली. तिला वाचता येत होतं, पण सरकारी भाषा बाईंकडून समजून घ्यावी म्हणून. त्यात एक वाक्य होतं — स्थानिक चौकशीत असं आढळलं की पावसाळ्यात नाल्यामुळे दोन्ही बाजूंचा संपर्क तुटतो. ते वाक्य मी तिला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझा आवाज अडखळला नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

सुमननं आदेशाची घडी घातली. मग म्हणाली, "साहेबासंगं दिवसभर आमचा दिगंबर हिंडत होता. घरातलाच माणूस निघाला बाई."

दिगंबरला त्याच सुमारास कायम करायची नोटशीट निघाली होती. बरीच वर्षं रखडलेलं काम, त्याच्यासोबत इतरही कायम झाले, पण वस्तीनं एकात एक घालून हिशेब लावला. त्या क्षणी मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. 'नाही, तो नव्हता.' इतकं म्हटलं असतं तरी चाललं असतं, माझं नाव न घेताही. मी काय म्हणाले?

"जाऊ द्या, सुमनताई."

जाऊ द्या. म्हणजे बाईंनाही माहीत आहे, फक्त बाई भल्या म्हणून बोलत नाहीत — असाच त्याचा अर्थ तिनं घेतला. तो तसाच घेतला जाणार हे मला बोलतानाच कळत होतं.

त्यानंतर सुमनच्या घरानं दिगंबरशी बोलणं टाकलं. जयंतीला विहारात मेणबत्त्या लावायचा मान दरवर्षी दिगंबर आणि त्याचा थोरला भाऊ, सुमनचा नवरा, यांच्याकडे असायचा. पुढच्या जयंतीला एकट्या थोरल्याला बोलावलं. दिगंबर अलीकडच्या काठावर उभा राहून मिरवणूक पाहत होता. मी गच्चीवरून त्याला पाहत होते. सुमन त्या दूरच्या प्रभागातून खुल्या जागेवर उभी राहिली आणि पडली. तिची हक्काची अलीकडची घरं आमच्या प्रभागात होती, ती तिला मत देऊ शकत नव्हती, आणि मळ्याकडच्या मतांपुढं वस्तीची मतं कमी पडली. तिकडून निवडून आलेला माणूस पंचशील नगरकडे फिरकला नाही. इकडचा म्हणायचा, पलीकडचं माझ्याकडे येत नाही. दोघांनीही काखा वर केल्या.

मग पुढचा दुष्काळ आला, आणि या खेपेला पलीकडचा बोअरही गेला.

तुम्हाला वाटत असेल, पाइपलाइन तरी आली का? आली. त्यात पाणी नव्हतं. टँकर मात्र यायचा, प्रभागवार. आमच्या शाळेसमोर थांबायचा. पलीकडच्या प्रभागाचा टँकर मळ्याकडेच रिकामा व्हायचा. तेव्हा पलीकडच्या बाया हंडे घेऊन नाला ओलांडून आमच्या टँकरवर यायला लागल्या. त्याच पायवाटेनं, उलट्या बाजूनं. आणि कॉलनीतली माणसं त्यांना म्हणायची, तुमचा प्रभाग वेगळा. मी म्हटलं नाही. मी माझा ड्रम घेऊन रांगेत उभी होते. यात कोण जास्त वाईट, तुम्ही ठरवा.

टँकरची नळी दिगंबरच्या हातात असायची. तो कुणाला परतवायचा नाही. पलीकडची बाई आली की मान वर न करता तिचा हंडा भरायचा. त्यावरून कॉलनीनं त्याची लेखी तक्रार केली, त्याला वरून खुलासाही मागितला. तरी तो भरतच राहिला.

एके दिवशी सुमन आली. स्वतः कधी यायची नाही, दुसऱ्यांना पाठवायची. त्या दिवशी घरात नातू तापानं फणफणला होता म्हणून आली. रांगेत तिचा नंबर आला. दिगंबरनं नळी तिच्या हंड्याकडे वळवली. सुमननं हंडा मागं घेतला.

"याच्या हातचं पाणी नको मला," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, रागानंही नाही. रिकामा हंडा डोक्यावर ठेवून ती नाल्यात उतरली. मी बघत राहिले. त्या हंड्यात तळहाताएवढंही पाणी नव्हतं.

तिला मी हाक मारली नाही. माझा ड्रम पुढं सरकला. दिगंबरनं नळी त्यात सोडली आणि पाण्याकडे बघतच, मला एकटीला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, "बाई, आपला नाला कवा वाहिला हो?"

म्हणजे त्यानं ऐकलं होतं. पाहिलंही असेल. माझा ड्रम काठोकाठ भरेपर्यंत त्यानं नळी हलवली नाही.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला आहे. रोज वाटायचं, आज हा सांगेल. जयंती आली की वाटायचं, निवडणूक आली की वाटायचं. त्यानं नाही सांगितलं. का नाही सांगितलं? माझ्या हाताखाली त्याची मुलगी शिकली म्हणून? की सांगूनही बाईंविरुद्ध त्याचं कोण ऐकणार, हे त्याला पक्कं माहीत होतं म्हणून? मला हे दुसरं कारणच खरं वाटतं. तो निवृत्त झाला, थकला, अलीकडच्या त्याच घरात राहतो. मी दिसले की अजून नमस्कार करतो. त्या नमस्काराची मला इतकी भीती वाटते की मी शाळेमागचा रस्ता सोडला आहे.

हे सगळं आज का काढलं? कारण पुन्हा प्रभाग रचना आली आहे. पुन्हा रेघ नाल्यावर आहे, आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं आहे की मागील चौकशीत हे आढळून आलेलं आहे. माझा तळहात आता सरकारी दप्तरात कायमचा जाऊन बसला आहे.

काल सुमन आली. केस पिकले, गुडघे धरतात, आवाज तोच. हरकतीचा कागद आणला होता. उद्या सुनावणी आहे. म्हणाली, "या बारीला तुमी चला. तुमचं नाव वर असलं की साहेब ऐकतो. तुमच्यावर लई इश्वास हाय लोकांचा." कागदावर पहिली ओळ तिनं माझ्यासाठी मोकळी सोडली होती. खाली पंचशील नगरच्या सह्या, अंगठे, दोन्ही काठांचे. मी सगळी नावं वाचली. मग न राहवून विचारलं, "दिगंबररावांची सही नाही दिसली."

"त्याची न्हाई घ्यायची," ती म्हणाली आणि पेन माझ्या हातात दिलं.

तेव्हा सांगता आलं असतं. ती समोर बसली होती, घरात तिसरं कुणी नव्हतं. मी तिला पाणी दिलं. ती प्यायली. आणि मी पहिल्या ओळीवर, वळणदार अक्षरात, माझं नाव लिहिलं.

तो कागद ती घेऊन गेली. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या यादीत सगळ्यात वर माझं नाव आहे, आणि दिगंबरचं नाव त्यात नाही. नाला कधीच वाहिला नव्हता. ते पान डिसेंबरचं होतं, आणि त्यावर हात माझा होता.